कापलेलं गवत

फिलोमिनाबाईंनी पिशवीतून काढला तो कागद
जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळलेला.
कॅम्पातला बंगला विकला, म्हणाल्या, तिथं आता दवाखाना होणार,
माळ्यावर एवढंच सापडलं बघ.
"फ्रेम कर की गं यल्लू. पण स्वस्तात."

खडे बाजारातल्या आमच्या फळीवर मी तो पसरला,
कोपऱ्यांवर चार खिळ्यांच्या डब्या ठेवल्या.
चार बायका, बुट्टी उपडी घालावी तसले झगे,
हातात लांब दांड्याच्या मोगऱ्या.
हिरवळीत तारेच्या कमानी खोचलेल्या,
आणि एका कमानीच्या तोंडाशी येऊन
थांबलाय चेंडू,
दीडशे वर्षं तरी झाली असतील.
एक दाढीवाला वाकून अंतर मोजतोय,
किंवा मोजायचं निमित्त करून
झालरीखालचं पाऊल बघतोय.
कुत्रं तेवढं आमच्याकडं बघतंय.

"क्रोके," बाई म्हणाल्या. "असल्या कमानी होत्या आमच्या परसात,
गंजलेल्या. मम्मी त्यांच्यावर जाळी टाकून
कोंबडीची पिल्लं डालायची."

अप्पांनी भिंग लावलं.
शहापुरात छापखान्यात बावीस वर्षं काढली त्यांनी,
ठसा म्हटला की त्यांची बोटं आपोआप पुढं होतात.
"हे लाकडावर कोरलंय," म्हणाले.
"बघ, कापलं ते पांढरं झालं.
ठेवलं ते गवत."
मग भिंग तसंच धरून गप्प राहिले.

अप्पांचा पणजा कंग्राळीहून अंधारात निघायचा,
कमरेला विळा, डोक्याला चुंबळ,
कॅम्पात गवत कापायला.
त्याचं गणित उलटं.
कापलं ते घोड्यांचं,
राहिलं ते साहेबांचं,
मानेवर उठलेलं घट्टं मात्र त्याचं स्वतःचं,
ते त्यानं मरेपर्यंत जपलं म्हणे, दाखवायचा पोरांना.

मी शोधला त्याला चित्रात.
झाडामागं, कुंपणापाशी, चहाच्या टेबलाखालीसुद्धा.
नाही.
असणार कसा, ही हिरवळ विलायतेतली,
ह्या बायकांनी आमची तांबडी माती पायानं कधी शिवली नाही.
पण खाली डाव्या कोपऱ्यात सापडली
मुंगीएवढी दोन अक्षरं,
कोरणाऱ्याची.
तोही गवतच कापत बसला असणार की,
दिव्याच्या उजेडात, एकेक पातं,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
त्याला खेळायला कुणी बोलावलं होतं का, काय की.

आणि एक वाळवी.
कडेच्या को-या जागेतून ती आत शिरलीय,
दाढीवाल्याचा खांदा ओलांडून,
एका झग्याच्या घेरातून बारीक बोगदा काढत
सरळ कमानीखालून पलीकडं,
आणि वर आभाळात जाऊन संपलीय.

"ते भोक झाकता येईल का गं?" बाईंनी विचारलं.
झाकता आलं असतं.
माउंट अर्धा इंच आत घेतला असता
तर दाढीवालाही गेला असता, वाळवीही, कोरणाऱ्याची अक्षरंही.

मागच्या बोळात पोरं विटी-दांडू खेळत होती.
वकट, लेंड, मूंड, नाल...
भांडण मराठीत, शिव्या कानडीत,
आणि मोजणी दोन्हीच्याही आधीची कुठली तरी.
विटी पत्र्यावर आदळली तशी बाई दचकल्या,
मग हसल्या.
"असू दे, राहू दे तसंच."

साडेचारशे झाले होते. चारशे दिले,
उरलेल्या पन्नासाचे परसातले फणसाचे गरे
रविवारी आणून देते म्हणाल्या. बंगला विकलाय
हे त्यांच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही,
आणि मीही बोलले नाही.

शटर ओढताना अप्पा म्हणाले,
"चेंडू गेला का गं आत?"
"नाही. वाळवी गेली."
"मग तिचाच डाव,"
असं म्हणून त्यांनी भुसा झाडून काढला,
आणि काचेवरचा माझ्या बोटाचा डाग
कुत्र्याच्या डोळ्यावरून पुसला.